राडकोची अळंबी

रोडोपी डोंगरातली अळंबी खाऊन विषबाधा झालेला राडको मरता मरता वाचला होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची स्तोयांका डोळे मिटून त्याचं नि बायकोचं, मिन्काचं, बोलणं ऐकत होती.

“डॉक्टर म्हणाले, यकृत वाचलं. उद्या घरी.”

“अळंबी अस्सलच होती. तुझं दही नासलेलं!”

“दही मीही खाल्लं. साधी ढेकर आली नाही.”

“तुझं पोट दगडाचं. अळंबी मला शिकवू नकोस!”

“बरं बाई. उरलेली मी तुमच्या आईंकडे पाठवलीत.”

“काय? अगं, फोन लाव! खाऊ नको म्हणावं!”

“का? अस्सल आहेत ना?”

“विषारी आहेत गं, विषारी!”

“मी ती कधीच खड्ड्यात पुरलीत. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

स्तोयांकाने उशीत तोंड खुपसलं. हसताना तिच्या पोटाचे टाके ओढले जात होते.