ओर्मेसिंदाबाईंनी मागितलेला कागद

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका माननीय हासिंता रेबोयेदो बाई; व्यासपीठावर आवर्जून उपस्थित राहिलेले आपले माजी मुख्याध्यापक माननीय लादिस्लाओ उगार्ते सर; ऐन चेरीच्या हंगामात फळांच्या पॅकिंगमधली पाळी बदलून आलेले पालकहो; माझे सहकारी शिक्षक बंधुभगिनी; केक कधी कापणार म्हणून मागच्या बाकांवर चुळबुळणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो; आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, श्रीमती ओर्मेसिंदा कायुपान.

बाईंनी मला सकाळी फाटकातच बजावलं. म्हणाल्या, "अनिसेतो सर, पाच मिनिटं. पोरांना उकडतंय." एकतीस वर्षं या बाईंनी आपलं पटांगण सांभाळलं, घंटा दिली, हजेरीची बुकं ठेवली, उशिरा येणाऱ्यांना चिठ्ठ्या दिल्या. त्यांची आज्ञा मोडायची माझी प्राज्ञा नाही. तरी आज मी ती मोडणार आहे. सभागृहाने सांभाळून घ्यावं.

त्यांच्या प्रेमळपणाबद्दल, वक्तशीरपणाबद्दल आधीच्या वक्त्यांनी सुरेख सांगितलं. मी ते पुन्हा सांगत नाही. मला एका मुलीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी किती जणांना गेर्लांद एस्तिम आठवते? हात वर करा पाहू. एक... तीन... स्वयंपाकघरातल्या बायका धरून सात. ठीक.

पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये शाळा उघडली तेव्हा ती सातवीत आली. हैतीची. बारा वर्षांची, उंच, गणवेशाचा स्कर्ट गुडघ्यांच्या वर गेलेला, कारण तिच्या मापाचा मिळालाच नव्हता. स्पॅनिश जवळजवळ शून्य. पहिल्या दिवशी हजेरी घेताना मला ते नाव वाचता येईना. मी म्हणालो, "गिर्नाल्दा?" म्हणजे माळ. वर्ग खो खो हसला. ती उभी राहिली आणि हळूच "हजर" म्हणाली. झालं, ती गिर्नाल्दाच झाली. पोरं मधल्या सुट्टीत विचारायची, "ए गिर्नाल्दा, नाताळला तुला झाडावर टांगायचं का?" एकदा ओर्मेसिंदाबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "टांगायचंच असेल तर तुझे कान आहेत की, बरे लांब आहेत." तो मुलगा आता मेकॅनिक झालाय, आणि आज इथे बसलाय. लाजू नकोस रे. नाव मी दिलं होतं, तू नाही.

आता गणिताचं सांगतो, कारण गणित माझं. आपण भागाकार कसा करतो? आधी भाज्य, मग दोन टिंबं, भाजक, बरोबरचं चिन्ह, पुढे उत्तर. वजाबाक्या मनातल्या मनात. गेर्लांद उभी रेघ मारायची, भाजक रेघेच्या उजवीकडे, उत्तर त्याच्या खाली, आणि डावीकडे वजाबाक्यांची लांबलचक शेपटी. मला ती आकृती समजेना. मी लाल रेघ मारायचो. पूर्ण पानभर तिरकी. सातपैकी दोन गुण.

पालकहो, इथपर्यंत ही अडाणीपणाची गोष्ट आहे आणि ती मी आजवर अशीच सांगत आलो. "आपल्याला त्यांची पद्धत माहीत नव्हती हो." खरं तसं नाही. तिची उत्तरं बरोबर आहेत, हे मला दिसत होतं. मला वाटलं, शेजारच्याची बघून लिहिते. म्हणून एप्रिलमध्ये मी तिला खिडकीशी एकटीला बसवलं. तरी उत्तरं बरोबर. मग मला कळायला हवं होतं ना? कळलं होतं. पण तोवर जूनमध्ये अर्ज भरायची वेळ आली. ज्यांना "विशेष मदत" लागते अशा मुलांची नावं प्रत्येक वर्गातून मागवली होती. मी लिहिलं, "सूचना समजत नाहीत. प्रतिसाद देत नाही. तपासणी करावी." पस्तीस मुलांचा वर्ग होता, मी दमलो होतो, ती बोलत नव्हती. एवढंच कारण.

तपासणी झाली. स्पॅनिशमध्ये. नासपती आणि पीचमध्ये सारखं काय, असं विचारलं. ती गप्प राहिली. कागदावर आलं, मध्यम बौद्धिक अक्षमता. खाली लादिस्लाओ सरांची सही, वर्गशिक्षक म्हणून माझी, आणि तिच्या वडिलांची, ज्यांना त्यातलं स्पॅनिश समजत नव्हतं. जुलैच्या सुट्टीनंतर तिला पाचवीत बसवलं. दहा वर्षांच्या मुलांत. त्या बाकाखाली तिचे पाय मावायचे नाहीत. ती आडवी बसायची, तर पाचवीच्या बाई म्हणायच्या, सरळ बस.

ऑगस्टमध्ये ती यायची बंद झाली. मला पत्ता नव्हता. पाचवीच्या बाईंना वाटलं, गेले असतील गाव सोडून, ही माणसं जातातच. आठव्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ओर्मेसिंदाबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सर, शनिवारी काय करताय?"

"फुटबॉलचा सामना आहे, बाई."

"तो टीव्हीवर पुन्हा दाखवतात. माझ्याबरोबर चला. जुने बूट घाला, तिकडे चिखल आहे."

"कुठे?"

"गेर्लांदकडे. मी दोनदा जाऊन आले. तिचे वडील म्हणतात, गणिताच्या सरांना आणा."

पॅकिंगच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या चौथ्या खोलीत आम्ही गेलो. आईने खुर्च्या पुसल्या, कॉफी ठेवली. वडील, एस्तिम, पेट्या उचलून आलेले, हात धुऊन समोर बसले. गेर्लांद धाकट्या भावाला घेऊन दारात उभी. एस्तिमनी वही काढली. माझ्या लाल रेघांची वही. तुटक्या स्पॅनिशमध्ये म्हणाले, "सर, मीही सर होतो. हैतीत, गोनाइवला. गणित."

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं.

"पहिल्या महिन्यात मी तिला ओरडलो. मग मारलं. एवढ्या लाल रेघा, म्हटलं, पोरगी लक्ष देत नाही. मग एका रविवारी मी स्वतः सगळी करून पाहिली." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "मला चूक सापडत नाही. तुम्ही दाखवा. या देशात ते चूक असेल तर मला शिकवा. चूक नसेल, तर मी तिला कशासाठी मारलं?"

खिशातलं पेन काढून मी पहिल्यापासून तपासायला लागलो. तेवीस उदाहरणं. कॉफी गार झाली. ओर्मेसिंदाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. तेवीसपैकी बावीस बरोबर. उरलेल्या एकात मीच फळ्यावर आकडा चुकीचा लिहून दिला होता.

मी गेर्लांदला विचारलं, "अगं, तू बोलली का नाहीस? उत्तर बरोबर आहे, असं म्हणायचं होतंस."

ती पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, "मला वाटलं, इथे उत्तर वेगळं असतं."

आम्ही परत निघालो. पुलावर बाई म्हणाल्या, "सोमवारी साहेबांकडे जाताय ना?" मी गेलो. लादिस्लाओ सर, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, कागद जिल्ह्याला गेलाय, वर्षाच्या मध्यात परत मागवता येत नाही, मार्चमध्ये बघू. आणि मी "बरं" म्हणून बाहेर आलो. दार सुद्धा हळू लावलं.

ओर्मेसिंदाबाईंनी "बरं" म्हटलं नाही. मंगळवारी त्या स्वतः पत्र्याच्या खोलीवर गेल्या, मुलीचा हात धरून तिला शाळेत आणलं आणि सरळ सातवीच्या वर्गात बसवलं. हजेरी पाचवीच्या बुकात, मुलगी सातवीच्या बाकावर. असं तीन महिने. मी रोज त्या वर्गात शिकवत होतो. उभ्या रेघेचा भागाकार मी तिच्याकडून शिकलो, फळ्यावर सगळ्यांना करून दाखवला. पोरं म्हणाली, "सर, ही पद्धत सोपीय की!" ती हसायला लागली होती. भांडायलाही लागली होती. एकदा माझी बेरीज चुकली तर सगळ्यांआधी तीच ओरडली.

नोव्हेंबरमध्ये तपासनीस आले आणि बुकं जुळेनात. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर चौकशी झाली. "हे आणखी कुणाला माहीत होतं?" असं विचारलं गेलं. ओर्मेसिंदाबाई म्हणाल्या, "बुकं माझी. मीच केलं." मी चहाच्या कपात बघत होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही मान वळवली नाही. वळवली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. त्यांना लेखी ताकीद मिळाली. सेवेची तीस वर्षं पूर्ण करणाऱ्यांचा जिल्ह्याने गेल्या वर्षी सत्कार केला, त्या यादीत त्यांचं नाव का नव्हतं, असं तुम्ही मला विचारत होता. त्या ताकिदीमुळे.

पुढच्या मार्चमध्ये परीक्षा घेऊन गेर्लांदला एकदम आठवीत घेतलं. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. कागद मात्र कुणी दुरुस्त केला नाही.

दोन वर्षांपूर्वी एस्तिम कुटुंब गाव सोडून उत्तरेकडे गेलं. इथे परवाने मिळेनात, कामं आटली. बस, पायी, जंगल, नदी. त्यातलं मला जे कळलं ते मी मुलांसमोर सांगणार नाही. एवढंच सांगतो की निघाले चौघं आणि पोचले तिघं. तिची आई पोचली नाही.

ते आता मेक्सिकोत, मोंतेर्रेईला आहेत. ऑगस्टमध्ये गेर्लांदचा ओर्मेसिंदाबाईंना निरोप आला. सतरा वर्षांची आहे. लिहिते, "मावशी, इथली एक शाळा मला घेते म्हणाली होती. मग तुमच्याकडचे कागद आले. त्यात पाचवी आहे, मग आठवी आहे, आणि मधे तो आजार लिहिलाय. इथल्या बाई विचारतात, हे काय आहे? मी काय सांगू?" त्या शाळेचं म्हणणं सरळ आहे. ज्यांनी मूळ कागदावर सह्या केल्या, त्यांनीच चूक झाल्याचं लिहून द्यावं. जानेवारीच्या आत.

आम्ही निवृत्तीची भेट म्हणून बाईंना काय हवं, असं विचारलं होतं. घड्याळ? कपाट? त्या म्हणाल्या, "मला तो कागद द्या."

कागद मी लिहिला आहे. इथे माझ्या हातात आहे. माझी सही केली आहे. दुसरी सही हवी आहे. लादिस्लाओ सर, मी गेल्या आठवड्यात तुमच्या घरी दोनदा आलो. तुम्ही म्हणालात, "अनिसेतो, मी आता टोमॅटो लावतो. मला जुन्यात ओढू नकोस." तुमचं वय, तुमचा मान मला कळतो. चारचौघांत हे बोलणं सभ्यपणाचं नाही, हेही कळतं. ओर्मेसिंदाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. बघा, त्या मला हाताने बस म्हणतायत. नाही बसत, बाई. एकदा बसलो होतो.

काय म्हणालात, सर? माइक लांब आहे, मी सांगतो सगळ्यांना. सर म्हणतायत, "आधी वाचू दे." वाचा, सर. दीडच पान आहे. आम्ही थांबतो.

...

सर विचारतायत, "जाणूनबुजून" हा शब्द कशाला लिहिलास? सर, तो माझ्या परिच्छेदात आहे, माझ्यासाठी आहे. तुमच्या परिच्छेदात "चौकशी न करता" असं आहे. तेवढंच.

हासिंताबाई, त्यांना पेन द्या जरा.

टाळ्या नको. कृपा करून नको वाजवू. सरांना सावकाश सही करू द्या.

झालं. आभारी आहे, सर. मनापासून.

हा कागद तिथे वेळेत पोचेल का, पोचला तरी ते मान्य करतील का, मला ठाऊक नाही. तिची आई त्याने परत येणार नाही. तीन महिने बाईंनी जे एकटीने ओढलं, तेही मला आता वाटून घेता येणार नाही. तरी ओर्मेसिंदाबाई, ही तुमची भेट. वर या आणि घ्या. तुम्हीच पाठवा, तुमच्या हाताने.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पालकांनी पाळीला उशीर होत असताना ऐकून घेतलं, मुलांनी केक समोर असून दम धरला, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर ते आपण उदार मनाने पोटात घालावं. या भाषणाच्या आधीची जी चूक आहे, तिची क्षमा मात्र मी या सभागृहाकडे मागत नाही. ती द्यायचा अधिकार मोंतेर्रेईतल्या तिघांचा आहे. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, ते बाईंनी याच पाकिटात घालावं. त्यांनी उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

नमस्कार.