मागचं मशीन

कोर्टाबाहेरच्या बाकावर शिक्षिकाबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण कान शेजारी बसलेल्या छापखानेवाल्याकडे आणि त्याच्या बायकोकडे होते.

“दोन मुलग्यांनी एकमेकांशी लग्न करायचं, हे माझ्या धर्मात बसत नाही. म्हणून पत्रिका छापली नाही. एवढंच सांगायचं जजसाहेबांना.”

“त्यांना तेव्हा हेच सांगितलंत?”

“तेव्हा म्हटलं, मशीन बिघडलंय.”

“अहो, पण का?”

“एकाची आई सोबत होती गं. तिच्यासमोर जीभ रेटेना.”

“आणि मशीन?”

“मागे धडधडत होतं.”

“अगंबाई! तिला ऐकू गेलं असेल.”

“गेलंच. मुलगा भांडायला उठला, तर तीच त्याचा हात धरून म्हणाली, ‘चल बाळा. काकांचं मशीन खरंच बिघडलंय.’”