पोटातलं लोखंड आणि फडताळाची किल्ली

...आणि मग म्हणतात, सून घरात भांडणं लावते! अहो, मी काय केलं? चक्कर यायची, रक्त कमी झालेलं, म्हणून ह्यांनी मला यष्टीनं बावड्याहून इंदापूरला नेलं, महिपती वैद्यांनी पापणी ओढून पाहिली, लोहभस्माच्या पुड्या दिल्या, वर म्हणाले, "अळिवाचे लाडू खा." एवढंच! तुम्हाला सांगते, माझी तक्रार औषधाबद्दल नाही हं.

पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई! पुडी नुसती हुंगली आणि... "लोखंड? अगं, नांगराचा फाळ खातीस व्हय? पोटात गंजलं म्हंजी? इज पडंल घरावर!" मी म्हटलं, आत्याबाई, भाजून भाजून पिठाहून बारीक केलंय, पाण्यावरसुद्धा तरंगतं. "म्हस बी तरंगती!" घ्या! निघाल्या पुड्या चुलीत टाकायला. इकडे पायरी चढताना मला धाप, केलेले अळिवाचे लाडू फडताळात, आणि फडताळाची किल्ली रविवारपासून हरवलेली!

तेवढ्यात धाकटे दीर, जयवंताभावजी, निवडणुकीच्या सभेत फुटलेल्या भोंग्यातला लोहचुंबक घेऊन हजर. "वैनी, हलू नका. पोटात लोखंड साठलं आसंल तर चिकटंल." आत्याबाई म्हणाल्या, "चिकटलं की पुड्या चुलीत!" म्हणजे बघा, माझं औषध आता भोंग्याच्या हातात! पोटावरून फिरवला, पाठीवरून फिरवला... काही नाही. "मेलाय तुझा चुंबक," आत्याबाई गरजल्या, "माझ्याम्होरं धर, मी कुठं लोखंड खाल्लंय? फरक हाय का न्हाय ते—"

खट्ट!

आत्याबाईंच्या कमरेला! लुगड्यावरून असा घट्ट बसला, की भावजींना दोन्ही हातांनी ओढावा लागला. ह्यांनी विचारलं, "आई, कमरंला काय हाय तुझ्या?" आत्याबाईंनी एकदा फडताळाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं... आणि म्हणतात कशा, "काय न्हाय! पुड्याच खाती मी. चोरून. रोज!"

"मग बाधलं न्हाय तुला?"

"न्हाय बा! उलट तरतरी हाय!"

झालं! आईला मानवतंय म्हटल्यावर औषध चांगलंच, असा निकाल लागला. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघी शेजारी बसून अर्धी अर्धी पुडी मधातून चाटतो. त्या तोंड वाकडं करतात, मी पाणी देते. किल्ली? अजून शोधतायत सगळे! नाही, माझी तक्रार औषधाबद्दल नाहीच हो... परवा वैद्यबुवा घरी आले, आत्याबाईंचे गुबगुबीत गाल पाहिले आणि मला म्हणाले, "सूनबाई, माझं औषध तुमच्यापेक्षा सासूबाईंनाच जास्त लागू पडलंय!"