टाकीतल्या कामगारांचा सुपरवायझर

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने जन्मभर कामगारांवर नजर ठेवली, त्याला रोज सकाळी कोणी विचारतं का, की "बाबा, तुम्ही कशाला हात लावला नाहीत ना?" आणि विचारणारी कोण, तर माझी स्वतःची मुलगी! मी अजून शेडच्या दारात चपला काढतोय, एक पाय चपलेत, एक बाहेर, तोवर हा प्रश्न. अहो, मोज्यांच्या कारखान्यात मी पाळीचा सुपरवायझर होतो. मी नुसता खाकरलो तरी यंत्रं जोरात चालायला लागायची... निदान मला तसं वाटायचं. आणि असा मी निवृत्त झाल्यावर देखरेखीला बसलो कुणाच्या? यीस्टच्या!

यीस्ट माहितीय ना? माहीत असलं तरी सांगतो, कारण मला हल्ली ते सांगायला फार आवडतं. डोळ्यांना दिसत नाही, इतका बारका जीव. तर मला आपलं वाटायचं, द्राक्षाच्या रसाची वाईन माणूस करतो. तसं मी मुलीला म्हणालोही, की वा, तू वाईन करणार तर! ती म्हणते, "मी कुठे करते, बाबा? मी टाकी धुते. वाईन ते करतात." ते! आता घरात माझा उल्लेख कसा होतो, तर "बघ गं, झोपले का". आणि हे दिसतसुद्धा नाहीत, तर "ते"!

बरं, मुलीने प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडलेली. मला विचारून नाही हं, सांगून सोडली. आणि ही शेड ज्या द्राक्षमळ्यात आहे, तिथल्या मालकीणबाई म्हणजे मोठ्या करारी. त्यांची सगळी द्राक्षं जातात वाईनच्या मोठ्या कारखान्यात. त्या मुलीला म्हणाल्या, "एका टाकीपुरती द्राक्षं देते. वाईन जमली, तर पुढच्या हंगामात सगळा मळा तुझा. नाही जमली, तर शेड रिकामी करायची आणि पुन्हा नोकरी शोधायची." म्हणजे बघा, पोरीचं सगळं भवितव्य एका टाकीत, आणि ती टाकी कुणाच्या हातात, तर ज्यांना हातच नाहीत!

मग आले हे कामगार. कसे आले? पुडीतून! भुरे भुरे दाणे, कपाटामागे धूळ जमते ना, अगदी तसे. मुलीने काय करावं, त्यांना कोमट पाण्यात सोडलं. म्हणे, एकदम उठवायचं नाही, हळूहळू जागं करायचं. हिला दहावीच्या परीक्षेला मी पांघरूण ओढून उठवायचो, ते आठवलं मला. आणि मग ते ओतले ठेचलेल्या द्राक्षांत. आता त्या द्राक्षांच्या सालीवर आधीच काही रानटी मंडळी बसलेली असतात बरं का! रस दिसला की पहिली उडी त्यांची. पण सगळे आरंभशूर. जराशी दारू तयार झाली की हेच आडवे! आमच्या कारखान्यात असे पुष्कळ पाहिलेत मी. ते आडवे झाले की मग खरे कामाचे जे असतात, ते पुढे होतात आणि धुरा घेतात.

आणि काय काम, काय काम! तुम्हाला सांगतो, मी टाकीला कान लावला तर आत नुसती खदखद. सालांचा जाड थर वर उचलून धरलेला, फेस, बुडबुडे, सगळ्या शेडभर वास. साखर खातात आणि दारू करतात, एकाचे दोन होतात, दोनाचे चार, म्हणजे भरतीसुद्धा आपली आपण. चहाची सुट्टी? नाही. लघवीला जाऊन येतो? नाही. मामेबहिणीचं लग्न? नाही! ना हजेरी, ना शिट्टी, ना सुपरवायझर... आणि काम चालू!

मला भरून आलं हो. आमची ही डबा घेऊन आली तर मी टाकीजवळ असा कौतुकाने उभा. ती म्हणाली, "माझ्या स्वयंपाकाकडे असं कधी बघितलं नाहीत." खरंच बघितलं नव्हतं.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका. मुलगी बाटल्या बघायला बाहेर निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, तापमानाचा काटा बघत बसा. फार चढला तर मला फोन करा. हात लावू नका." मी म्हटलं, बरं. खुर्ची ओढली, बसलो. त्या टाकीच्या भिंतीतून गार पाणी फिरतं, कारण ही मंडळी काम करताना तापतात, आणि त्या पाण्याचं एक बटण असतं, अगदी हाताशी. काटा जरासा चढला. मी बघतोय. आणखी थोडा चढला. आता मला सांगा, कामगार जिवापाड राबतायत, अंगातून वाफा निघतायत, आणि सुपरवायझरने खुर्चीत बसून बघायचं? फोन करायचा? फोन कसला करायचा, माझा एवढा अनुभव! फिरवलं बटण. पार शेवटपर्यंत.

काटा झरझर खाली. खदखद मंदावली. आणि मला काय वाटलं माहितीय? मला वाटलं, शिस्त लागली!

दुसऱ्या दिवशी टाकी गप्प. म्हणजे काय गप्प, सालांचा थर खाली बसलेला, बुडबुडा म्हणून नाही. मुलीने थोडा रस काढून मोजला, चाखला. अर्धी साखर तशीच. अर्धा रस, अर्धी वाईन, ना धड इकडे ना धड तिकडे. तिने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, हात लावलात?" मी म्हणालो, थोडासा. तिने बटण सावकाश मागे फिरवलं. ओरडली असती तर परवडलं असतं. मला एकेक आठवायला लागलं, हिने नोकरी सोडली, मालकीणबाईंचा शब्द, एक टाकी... आणि ती मी गारठवून ठेवली!

मग तिने टाकीच्या भिंतीतलं पाणी कोमट केलं, वाट बघितली. कोणी उठेना. संप! आता संप मी मिटवलेत बरं का, गेटवर भाषणं देऊन मिटवलेत. मुलगी आत हिशेब मांडत होती, मी टाकीसमोर उभा राहिलो, घसा साफ केला, म्हटलं, मित्रहो, तुमच्या मागण्या रास्त आहेत, पण आधी कामावर या. मागून ही! म्हणते, "अहो, टाकीशी काय बोलताय? घरी चला, ऊन लागलंय तुम्हाला." पण मुलीने ऐकलं आणि पहिल्यांदा जरा हसली. म्हणाली, "मागण्या आहेत त्यांच्या. ऊब हवी, खाणं हवं, सुरुवातीला थोडी हवा हवी. पण हे आता थकले, बाबा. त्यात दारूही चढलीय. नवे आणावे लागतील. आणि लवकर, नाहीतर दुसरेच शिरतील."

दुसरेच म्हणजे कोण? जिवाणू! वाईनचं व्हिनेगर करणारी टोळी. चिलटांच्या पायाला चिकटून येतात, हवा मिळाली की कब्जा. आणि तेही कामसूच हो, ना हजेरी, ना शिट्टी, ना सुपरवायझर... काम चालूच, पण भलतंच! त्या दिवसांत मी फडकं घेऊन चिलटं हाकलत होतो. तेवढं मला करू दिलं होतं.

नवी भरती झाली एका बादलीत. चांगली काटक जात आणलेली. मी म्हटलं, ओत टाकीत! मुलगी म्हणाली, "मरतील. तयार दारूत एकदम टाकलं तर कोणीही मरेल." म्हणून बादलीत टाकीतला थोडा रस घातला. थांबली. फेस आला, मग आणखी थोडा. पुन्हा थांबली. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला! अहो, नव्या मुलाला आपण पहिल्या दिवशी मोठ्या यंत्रावर उभं करतो का? आधी मोज्यांच्या जोड्या लावायला बसवतो, सरावला की पुढे. हे मला येत होतं की! माणसांच्या बाबतीत येत होतं. जे दिसत नाहीत, त्यांनाही बुजायला होत असेल, हे कुठून सुचणार?

शेवटी बादली टाकीत गेली. आम्ही तिघंही कान लावून. काही नाही. ही म्हणाली, चला जेवून घ्या. जेवण कुणाला जातंय? आणि दुपार कलताना आतून एक... बुडुक. मग थांबलं. मग पुन्हा, बुडुक बुडुक. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. ना हजेरी, ना शिट्टी, ना सुपरवायझर, मंडळी!

साखर संपली. मग त्यांच्या मागून एक दुसरी पाळी आली, तेही जिवाणूच, पण हे भल्या घरचे. वाईनमधला बोचरा आंबटपणा घेतात आणि मऊ करून ठेवतात. गाजावाजा नाही. आणि यीस्टचं काय झालं विचाराल, तर जी दारू त्यांनी केली तिच्यातच ते संपले. तळाला गाळ होऊन बसले. मुलगी म्हणाली, काही दिवस त्या गाळावरच वाईन ठेवायची, त्याने तिला भरीवपणा येतो. म्हणजे मेल्यावरसुद्धा काम! मी टोपी काढली हो. खरंच काढली. असा निरोप आमच्या कारखान्यात मोठ्या साहेबांनाही दिला नव्हता.

मालकीणबाई आल्या. पेला उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, मग दुसरा घेतला. मुलगी पदराशी चाळा करतेय. शेवटी बाई म्हणाल्या, "मळा तुझा." माझ्या डोळ्यांतून पाणी! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "आणि हे इथे काय करतात?"

मुलगी म्हणाली, "काही नाही. नुसते बसतात."

"कशाला हात न लावता?"

"आता नाही लावत."

बाईंनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "मग यांना सोडू नकोस. कामाला माणसं ढिगाने मिळतात. हात न लावता बसणारा मिळत नाही."

झालं! आता पुढच्या हंगामाला सहा टाक्या यायच्यात, आणि माझ्यासाठी एक हातांची खुर्ची. तुम्हाला सांगतो, सगळी नोकरी मी "बसू नका रे, बसू नका" असं ओरडत काढली... आणि या वयात बढती मिळाली, ती बसायची!