शिकंज्यात दाबलेला भूगोल

इतवारीतल्या धोंडबा बाइंडरकडे भांडण फुकट ऐकायला मिळालं, की गिऱ्हाईक लहानूला घाई नसे. आज बांधून मिळालेली वही उघडून अंजनाबाई तापल्या होत्या.

"पानांवरचे उंचवटे कुठं गेले गा, धोंडबा?"

"शिकंज्यात दाबून सपाट केले नं बाई. कोऱ्या कागदाले पुरळ उठल्यावानी दिसत होतं."

"कोरा? माही आंधळी पोरगी बोटानं वाचते त्याले. भूगोल होता तो. ठिपका ठिपका टोचाले तीन महिने लागले मले."

"अक्षर तं एकही नव्हतं वं."

"तुह्यासाठी नव्हतं. सोमवारी परीक्षा आहे तिची."

"आता मी काय करू?"

"टोच्या घे. मी सांगीन तसं टोच."

"अन् हे गिऱ्हाईक?"

"कवाचा फुकट ऐकून राहिला तो. त्याले बी टोच्या दे."