बर्फावरचा गोरा

बर्फावर हॉकी खेळून पोट भरलेला माणूस बघितलाय काय रे कुणी? मस्कतला मी ड्रायव्हर होतो, तेव्हा माझ्या गाडीत बसायचा. धिप्पाड गोरा, पुढचे दोन दात गायब.

मी विचारलं, "साहेब, गोल किती मारले?"

"बारा वर्षांत नऊ."

"मग तुम्हाला ठेवलं कशाला?"

"अडवायला. समोरचा आला की मध्ये उभं राहायचं."

हे कसलं काम? मला काय पटेना.

एकदा मस्कतजवळच्या बरका गावात एका पिकअपवाल्यानं गाडी घासली, वर मलाच शिवी दिली. डोकं फिरलं. उतरून ठोसाच हाणला. तिथं मारामारी म्हणजे आधी जेल, मग व्हिसा रद्द, थेट घरी. पण गोरा मध्ये घुसला, ठोसा त्याच्या छातीवर बसला. गडी हलला नाही.

घाबरून विचारलं, "साहेब, लागलं?"

"ह्याचाच पगार घ्यायचो. आज फुकट केलं. चल, गाडीत बस."