डॉल्फिनच्या कवटीला ऑइलपेंट

मी भित्रा आहे असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका आणि तुम्हीच ठरवा.

ऐंशीच्या आसपास मी आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. कोकणात जाळ्यात अडकून मेलेल्या डॉल्फिनची कवटी मी ट्रंकेत घालून आणली होती. तो पूर्ण वाढलेला नव्हता, हे हाडांच्या सांध्यांवरून सिद्ध करून मला लेख लिहायचा होता. मोजमापं दोनदा घेतली होती. स्वतःवर भरवसा नाही, म्हणून तिसऱ्यांदा घेणार होतो.

सुट्टीवरून परतलो तर कवटी पांढरी चकचकीत! सांधे रंगानं बुजलेले. शिपाई गोविंदा ब्रश धूत होता.

"हे काय केलंस?"

"युनिव्हर्सिटीची कमिटी तपासणीले येऊन राहिली ना सर. प्रिन्सिपॉल साहेबानं सांगतलं, लय पिवळी दिसते, रंगवून टाक. खिडक्यायचा पेंट उरलाच होता."

"अरे, तिच्यावर नंबर होता, तारीख होती!"

"त्या अक्षरायसाठीच तं दुसरा हात मारा लागला!"

तसाच प्रिन्सिपॉलांकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, किती स्वच्छ दिसतेय! तुम्हाला कशातच समाधान नाही."

मी रागातच बाहेर पडलो. उद्या कमिटीसमोरच सगळं बोलायचं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या अध्यक्षांनी कवटीवर टिचकी मारली. "मॉडेल छान आहे. खरी कवटी कधी मागवताय?"

प्रिन्सिपॉल माझ्याकडे रोखून बघत होते. आणि मी, पीएच.डी. झालेला माणूस, म्हणालो, "पुढच्या वर्षी, सर."